हरलेल्याने जायचे कुठे?

ओहोटीच्या वेळी मानखुर्दच्या पूर्वेला ठाणे खाडीच्या काठावर, तिवरांच्या पुढे, करडा चिखल दूरवर उघडा पडतो. थोडा वेळ न हलता उभे राहिले की त्या चिखलावर हालचाल दिसू लागते. त्या निवट्या. निवटी हा मासाच. पण अंग ओले असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेता येत असल्याने ती पाण्याबाहेर बराच वेळ काढते आणि डोके डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खाते. एक निवटी दुसरीच्या बिळाजवळ आली की दोघी समोरासमोर थबकतात. पाठीवरचा पर ताठ उभा राहतो, तोंडाचा आ वासला जातो. पुष्कळदा चावाचावीची वेळच येत नाही. अंगाने लहान असलेली निवटी वळते, दोन-तीन उड्यांत हातभर लांब जाते आणि पुन्हा चरू लागते. जिंकलेली तिचा पिच्छा पुरवत नाही. तिला जागा हवी होती, ती मिळाली. भांडण तिथेच मिटते.

कुवेतच्या किनाऱ्यावरच्या निवट्या तर याच्याही पुढे जातात. दाट वस्ती असेल तिथे त्या तोंडाने चिखल उचलून आपापल्या हद्दीभोवती बुटकी भिंत घालतात. भिंतीच्या आत पाणी साठून राहते, शेवाळ वाढते; शिवाय शेजारी सतत नजरेसमोर राहत नाही. जागा कमी असली तरी हद्द स्पष्ट आणि शेजारी नजरेआड असला की भांडणे आटोक्यात राहतात.

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली मारामारी समजून घ्यायची तर सुरुवात या चिखलापासून करावी. कारण टाकीत आणलेला मासाही हेच नियम घेऊन आलेला असतो. फरक एवढाच, की काचेच्या चार भिंतींत हरलेल्याला जायला जागा नसते. त्याने माघार घेतली तरी तो जिंकणाऱ्याच्या नजरेसमोरच राहतो, आणि जिंकणाऱ्याला वाटते की हा अजून गेला नाही. म्हणून समुद्रात काही क्षणांत मिटणारे भांडण टाकीत दिवसेंदिवस चालते आणि शेवटी एक मासा मरतो. पुढे जे उपाय सांगितले आहेत, त्या सगळ्यांचा उद्देश एकच आहे: हरलेल्याला जागा मिळवून देणे.

टाकी केवढी, मासा केवढा

मानखुर्दमधल्या पुनर्वसनाच्या इमारतींत सव्वादोनशे ते तीनशे चौरस फुटांत अख्खे कुटुंब राहते. अशा घरात दोन फुटांची टाकी बसते, फार तर तीन फुटांची. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे 56 लिटर पाणी मावते. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे 190 लिटर. या दोन आकड्यांतला फरक भांडणांच्या दृष्टीने फार मोठा आहे. दगड, वाळू आणि फिल्टरची जागा वजा केली की दोन फुटांच्या टाकीत एका आक्रमक माशाची हद्द भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरते. बाकीचे सगळे मग त्याच्या घरात घुसलेले परके ठरतात.

तारापोरवाला मत्स्यालयासारख्या ठिकाणी रंगीबेरंगी समुद्री मासे शेजारी शेजारी फिरताना पाहिलेले असतात. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या या मत्स्यालयाने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना समुद्री माशांची गोडी लावली. मात्र तिथल्या मोठ्या टाकीत जे निभत असे ते घरच्या टाकीत निभेलच असे नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या दुकानातल्या टाकीवरूनही अंदाज बांधू नये. तिथे एका टाकीत दाटीवाटीने मासे असतात आणि रोज काही येतात, काही जातात. कुणालाही हद्द आखायला उसंत मिळत नाही. दुकानात आठवडाभर गरीब वाटलेला निळा डॅमसेल घरी आला की दोन दिवसांत दगडाची एक कपार ताब्यात घेतो आणि तिसऱ्या दिवसापासून दादागिरी सुरू करतो.

भांडण कुणाचे कुणाशी

ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांना 1973 साली निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आक्रमकतेवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक 1963 साली आले. त्याची सुरुवात प्रवाळांतल्या माशांपासून होते. फ्लोरिडाच्या समुद्रात आणि स्वतःच्या टाक्यांत त्यांनी हे मासे न्याहाळले होते. समुद्रात मासा आपल्याच जातीच्या माशाला हद्दीबाहेर हुसकावतो आणि तेवढ्यावर थांबतो. टाकीत पराभूत माशाला निसटता येत नाही, आणि भडक रंगाच्या भांडखोर जातींचा अखेर एकेकच मासा शिल्लक राहतो, हे लॉरेन्झ यांना आढळले. हे माशाच्या क्रूरपणामुळे होत नाही. आपल्याच जातीच्या माशाला तेच अन्न, तीच कपार आणि तीच मादी हवी असते. त्यामुळे सर्वांत मोठा स्पर्धक तोच.

लॉरेन्झ यांच्या काही मतांना पुढे शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. भांडण फक्त स्वजातीयाशीच होते असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर डॅमसेलचा अभ्यास झाला तेव्हा दिसले, की हा मासा शेवाळ खाणाऱ्या कितीतरी परक्या जातींवर धावून जातो. जे शेवाळाला तोंड लावत नाहीत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. डॅमसेलच्या बऱ्याच जाती आपापल्या तुकड्यावर शेवाळ राखून वाढवतात, आणि नर अंड्यांची राखण करतो. त्याच्या दृष्टीने प्रत्येक परका शाकाहारी मासा म्हणजे शेतात शिरलेले गुरू.

मासे निवडण्याचा नियम यातूनच मिळतो. एकाच जातीचे, एकाच बांध्याचे किंवा एकच अन्न खाणारे दोन मासे छोट्या टाकीत ठेवू नयेत. चपटा, उंच अंगाचा टँग दुसऱ्या चपट्या अंगाच्या माशाला प्रतिस्पर्धी समजतो, मग त्याची जात वेगळी का असेना. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार पाते असते. शेपटीच्या एका फटकाऱ्यात तो दुसऱ्याचे अंग चिरतो. लक्षद्वीप-मालदीवच्या समुद्रात राहणारा पावडर ब्ल्यू टँग दिसायला देखणा. पण त्याला पोहायला लांबच लांब मोकळी जागा लागते आणि आपल्यासारखा दुसरा त्याला खपत नाही. तीन फुटांच्या टाकीसाठी तो मासा नव्हेच. हिरव्या क्रोमिसचा थवा समुद्रात फार सुंदर दिसतो, म्हणून सहा-सात एकदम घ्यावेसे वाटतात. घरच्या टाकीत ते पुष्कळदा एकमेकांना टोचत राहतात, आणि काही महिन्यांत थव्यातले एक-दोनच उरतात.

क्लाउनफिशच्या घरातली उतरंड

2003 सालच्या ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटाने केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घराघरांत पोचवला. टाकीत नवशिक्याने आणावा असा हाच मासा. फक्त त्याच्या घरातली उतरंड आधी समजून घ्यायला हवी. समुद्रफुलाच्या एका झुडपात क्लाउनफिशचे छोटे कुटुंब राहते. सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल तिचा नर, आणि त्यांच्याखाली क्रमाने लहान होत गेलेले, वयात न आलेले मासे. मादी मेली तर नर मादी बनतो आणि खालचा एक मासा वाढून नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिक यांनी 1977 साली ‘नेचर’मध्ये हा लिंगबदल आणि त्यामागची दादागिरी यांचा संबंध मांडला. 2003 साली पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या क्लाउनफिशवर काम करून दाखवले, की खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढच आवरती घेतो. वरच्याच्या बरोबरीचा झाला की त्याला हाकलले जाण्याचा धोका असतो. भांडण टाळण्यासाठी तो लहान राहणे पसंत करतो.

टाकीसमोर बसले की ही उतरंड डोळ्यांनी पाहता येते. मादी जवळ आली की लहान क्लाउनफिश अंग किंचित कलते करतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत भराभर थरथरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आजारी आहे असे वाटते. खरे तर ती शरणागती आहे. ‘मी तुझ्याशी बरोबरी करत नाही’ असे तो अंगाने सांगतो, आणि मादी त्याला टोचा न मारता पुढे निघून जाते. जोडीतला हा थरथराट दिसत असेल तर निश्चिंत राहावे.

म्हणून एकाच जातीचे दोन मासे नकोत या नियमाला अपवाद करून दोन क्लाउनफिश आणायचे तर दोन्ही लहान वयाचे, पण एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा, असे निवडावेत. मोठा मादी होतो, लहान नर राहतो. दोघे सारख्या आकाराचे आणि पूर्ण वाढलेले असतील तर दोघीही माद्या असण्याचा संभव असतो, आणि दोन माद्या एका टाकीत नांदत नाहीत. जोडी जमल्यावर तिसरा कधीही आणू नये. वरची जोडी त्याला कोपऱ्यात गाठून मारते.

आगमनाचा क्रम आणि दगडांची रचना

टाकीत जो आधी येतो त्याची हद्द ठरते. त्यामुळे भित्रे मासे आधी आणि भांडखोर शेवटी, हा क्रम मोडू नये. लांब टोकदार पर वर धरून तरंगणारा फायरफिश, वाळूवर बसणारा गोबी हे पहिल्या खेपेला. त्यांना बिळे सापडून ते नेमाने खाऊ लागले की क्लाउनफिशची जोडी. डॅमसेल किंवा डॉटीबॅक हवाच असेल तर सर्वांत शेवटी, आणि एकच. नवा मासा आधीच्या माशांपेक्षा अगदी चिमुकला नसावा. प्रत्येक नवा मासा आधी दोन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. रोग बाहेरच राहतो आणि मासा नीट खायला शिकून, ताकद धरून मुख्य टाकीत येतो.

दगड रचताना एकच उंच ढीग करू नये. त्या ढिगाचा मालक एकच होतो. दोन-तीन वेगवेगळे ढीग करून मध्ये मोकळी वाट ठेवावी, म्हणजे टाकीच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसणार नाही. प्रत्येक गुहेला दोन तोंडे असावीत. एकाच तोंडाच्या गुहेत शिरलेला मासा दादाच्या तावडीत सापडतो. दोन तोंडे असली की मागून निसटतो.

दगड कोणते, हेही महत्त्वाचे. कठीण प्रवाळांना भारतात 2001 पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रघोड्यांनाही. कुणी ‘खरा प्रवाळ’ किंवा प्रवाळाचे तुकडे विकत असेल तर ते घेणे गुन्हा आहे. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे, छिद्रे ठेवून बनवलेले दगड वापरावेत. सिमेंटचे दगड आधी बरेच दिवस पाण्यात मुरवून, पाणी बदलत, त्यांचा क्षार उतरवून घ्यावा. अशा दगडांत हवी तशी गुहा करता येते, हा त्यांचा मोठाच फायदा.

भांडण जुंपलेच तर

नवा मासा सोडताना पहिले काही तास निर्णायक असतात. दिवे बंद ठेवावेत, जुन्या माशांना आधी पोटभर खायला द्यावे, आणि नव्याला थेट न सोडता भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा टाकीत अडकवावा. दादा डब्यावर येऊन धडका मारतो, पर फुलवून आडवा उभा राहतो, शेपटीने पाणी फेकतो. नव्याला इजा होत नाही. काही दिवसांत दादाच्या चकरा कमी होतात; शेजारी हटत नाही आणि हल्लाही करत नाही हे त्याच्या अंगवळणी पडते. त्याने डब्याकडे पाठ फिरवली की मग डबा उघडावा. डबा उघडण्याआधी दगडांची जागा बदलली तर आणखी बरे. रचना बदलली की जुन्या हद्दी मोडतात आणि सगळेच नव्याने जागा शोधू लागतात.

आरशाचा उपायही पुष्कळजण करतात. काचेला बाहेरून आरसा लावला की दादा आपल्याच प्रतिबिंबाशी भांडण्यात गुंततो आणि नव्याला स्थिरावायला वेळ मिळतो. हा उपाय थोड्या काळापुरताच. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत क्लीनर रास हा छोटा मासा आधी आरशावर तुटून पडला, पण दिवस गेले तसा त्याचा हल्ला ओसरला. आरसा काही तास लावून काढावा आणि तीन-चार दिवसांत काम झाले नाही तर दुसरा मार्ग धरावा.

अन्नावरून होणारी भांडणे सोपी. एका कोपऱ्यात अन्न टाकले तर दादा तिथे ठाण मांडतो. दोन टोकांना एकाच वेळी टाकावे. मुंबईत ताजा जवळा आणि कोळंबी सहज मिळते. गोड्या पाण्यात धुऊन, बारीक चिरून, गोठवून ठेवलेली कोळंबी समुद्री मासे आवडीने खातात. टँगसारख्यांसाठी वाळलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी दोन ठिकाणी अडकवावी. उरलेले अन्न मात्र काढून टाकावे. कुजलेल्या अन्नाने पाण्यात अमोनिया वाढतो आणि आधीच धास्तावलेला मासा आणखी खचतो.

कोणते भांडण सोडून द्यावे आणि कुठे हात घालावा? पाठलाग दोन-तीन सेकंदांत संपून दादा आपल्या कपारीकडे परतत असेल तर ती हद्दीची आठवण आहे, असू द्यावी. दादा आपली जागा सोडून, दगडांमागे डोकावत दुसऱ्याला हुडकत असेल तर तो धोका आहे. हरलेल्याच्या अंगावरच्या खुणा याहून स्पष्ट असतात. तो वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या किंवा पाइपच्या मागे, डोके वर करून लोंबकळतो. कल्ले भराभर हलतात, रंग फिका पडतो, पर चिरलेले असतात, आणि समोरून जवळ्याचा तुकडा गेला तरी तोंड उघडत नाही. काही दिवसांत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येऊ लागतात. ताणाने खचलेल्या माशावर परजीवी लवकर चढतात. मे महिन्यात पाणी तापते, त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो; अशा वेळी पाठलागाने दमलेला मासा फार तग धरत नाही. त्याला दुसरी वाट दिसली नाही तर तो पाण्याबाहेर उडी मारतो. टाकीवर जाळीचे झाकण असायलाच हवे.

अशा वेळी बहुतेक घरांत मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. उलट करावे. दादाला काढून एक-दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. तेवढ्यात दुबळा मासा टाकीभर फिरून आपली कपार पक्की करतो, आणि दादा परत येतो तेव्हा तोच नवखा ठरतो. त्याला पकडायला दगड उपसण्याची गरज नाही. रात्री दिवे मालवल्यावर तो ठरलेल्या फटीत झोपतो. टॉर्च लावून मऊ जाळीने अलगद काढता येतो. नाहीतर प्लास्टिकच्या बाटलीचे तोंड कापून उलटे आत बसवावे आणि आत कोळंबीचा तुकडा ठेवावा. खादाड दादा आत शिरतो, पण त्याला बाहेरची वाट सापडत नाही.

एवढे करूनही जमले नाही तर दोघांपैकी एकाला कायमचे दुसरे घर शोधावे. दुकानदार परत घेतो किंवा ओळखीच्या हौशी माणसाकडे देता येतो. तो जवळच्या खाडीत सोडणे हा पर्याय नव्हे. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा झपाट्याने उतरतो, पाणी गढूळ असते. प्रवाळांतला मासा तिथे जगत नाही. त्याच्याबरोबर परका रोगही खाडीत जाऊ शकतो.

विकत घेण्याआधी

मानखुर्दपासून वर, खाडीच्या पलीकडच्या काठावर ऐरोलीला, वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे क्लाउनफिशसारख्या शोभिवंत समुद्री माशांच्या उबवणीचे काम सुरू झाले. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही क्लाउनफिशच्या अनेक जाती टाकीत वाढवून दाखवल्या आहेत. समुद्रातून ओरबाडून आणलेल्यापेक्षा उबवणीत जन्मलेला मासा घ्यावा. तो जन्मापासून काचेत वाढलेला असतो, तयार खाद्याला सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी प्रवाळातली कुठली जोडी मोडलेली नसते. उबवणीत पिल्ले दाटीने वाढतात तोवर हद्दी पडत नाहीत. जोड्या जुळू लागल्या की त्यांना वेगळ्या टाक्या द्याव्या लागतात. जन्मभर काचेत राहिलेल्यालाही हद्द लागतेच.

नीट सांभाळला तर क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. आज दुकानातून पिशवीत येणारा दोन इंचांचा मासा घरातल्या पहिलीतल्या मुलाची दहावी होईपर्यंत सोबत राहू शकतो. म्हणून नवा मासा घेण्याआधी त्याचा रंग पाहण्याऐवजी घरातल्या टाकीकडे पाहावे. कपारी मोजाव्यात, प्रत्येक कपारीचा मालक कोण ते ठरवावे, आणि रिकामी कपार, दोन तोंडांची, दादाच्या नजरेआडची, एक तरी दाखवता येते का ते तपासावे. दाखवता आली तर मासा आणावा. नाही आली तर टाकी भरली आहे, पाणी कितीही मोकळे दिसो.